मुलाबाळांसह स्कॉटलंडचे डोंगर : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

बेन नेव्हिस हा स्कॉटलंडमधला, किंबहुना अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. उंची १,३४५ मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. कॉलेजात दर पावसाळ्यात राजगड-हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाने हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्याला इथले डोंगर किरकोळ वाटू लागतात. मग एडिनबरा, ग्लासगो किंवा ॲबर्डीनला आलेलं कुटुंब पहिल्याच उन्हाळ्यात, लेकराबाळांसकट, थेट बेन नेव्हिसचा बेत आखतं. कृपा करून तसं करू नका.

इथे उंचीला फारसा अर्थ नाही. ५५ ते ५८ अंश उत्तरेला, अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत हे डोंगर उभे आहेत. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात वेधशाळा होती. तिथल्या नोंदींनुसार माथ्यावरचं वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास भरतं. बहुतेक डोंगरांवर झाडं पायथ्याशीच संपतात, वर गवत, हेदरची झुडपं आणि खडक, आडोसा कुठेच नाही. सह्याद्रीत पावसात चिंब भिजून चालण्यातच मजा असते. इथे भिजलेलं मूल भर जुलैतही वाऱ्यावर बघता बघता गारठतं. त्यामुळे कुठला डोंगर करायचा हे दोनच गोष्टी ठरवतात : त्या दिवसाचा वारा आणि तुमच्यातलं सर्वांत कमी चालणारं माणूस.

एवढं सांभाळलं तर मात्र मुलांना घेऊन चालायला याच्याइतका मोकळा देश क्वचित सापडेल. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळपास सगळ्या डोंगररानांत, कुरणांत आणि तळ्याकाठी पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. जमीन खासगी असली तरी. परवानगी नको, तिकीट नको, वनखात्याची चौकी नाही. त्या बदल्यात जबाबदारीने वागायचं, आणि ते कसं हे ‘स्कॉटिश आउटडोअर ॲक्सेस कोड’मध्ये लिहिलेलं आहे. कोणाच्या घराचं अंगण, उभं पीक आणि शाळेचं आवार यांना हा हक्क लागू नाही.

डोंगर निवडताना

घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे बघून सुरुवात करा. माझा ठोकताळा असा : स्वतःच्या पायांनी चालणारं चार-पाच वर्षांचं मूल असेल तर जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर आणि दोनशे मीटरच्या आतबाहेर चढ. सात-आठ वर्षांचं असेल तर साडेतीनशे-चारशे मीटर चढ जमतो, मात्र वाटेत बघण्यासारखं काहीतरी हवं. आजी-आजोबा उन्हाळ्यात भारतातून आलेले असतील तर त्यांचा प्रश्न चढाचा नसतो, उताराचा असतो. गुडघे उतरताना बोलतात. त्यांच्यासाठी उतार सौम्य असलेली वाट बघा आणि दोन काठ्या घ्या.

अगदी पहिल्या डोंगरासाठी माझी शिफारस नॉर्थ बेरिक लॉ. १८७ मीटरचा हा एकांडा सुळका एडिनबराच्या पूर्वेला समुद्राकाठी आहे. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून ट्रेनने अर्ध्या तासाच्या थोडं पुढे, मग गावातून चालत पायथा. वाट मळलेली आहे, चढ छातीवर येतो पण लवकर संपतो. माथ्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे. इथे अशी कमान १७०९ पासून आहे. मूळ हाडं कुजू लागली म्हणून ती उतरवली आणि २००८ मध्ये तिथे हुबेहूब प्रतिकृती बसवली. ‘वर देवमाशाचा जबडा आहे’ एवढं सांगितलं की पाच वर्षांचं पोर कुरकुर न करता चढतं. वरून समुद्रात बास रॉक दिसतो. उन्हाळ्यात तो पांढराफटक असतो, कारण त्यावर गॅनेट पक्ष्यांची जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक वसाहत आहे. खाली उतरलं की वाळूचा किनारा आहेच. दोन तासांचा डोंगर आणि उरलेला दिवस समुद्र.

एडिनबरात राहणाऱ्यांना आर्थर्स सीट हाताशी आहे, २५१ मीटर. बहुतेक लोक राजवाड्याच्या बाजूने चढतात. मुलं असतील तर डन्सापी तळ्याकडून जा. त्या बाजूने गवताचा छोटा चढ आहे. शेवटचे खडक मात्र लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालेत, ओले असले की पाय सटकतो. तिथे मुलाचा हात धरा आणि माथ्यावर फार दाटी असेल तर चार पावलं खालीच बसा. हा डोंगर ज्या होलीरूड पार्कमध्ये आहे, तिथले रस्ते काही दिवस गाड्यांना बंद असतात, तेवढं आधी पाहून घ्या.

शहराच्या दक्षिणेला पेंटलंडची रांग आहे. स्कॉल्ड लॉ हा तिथला सर्वांत उंच, ५७९ मीटर, पण सुरुवात तिथून नको. फ्लॉटरस्टोनहून ग्लेनकोर्स जलाशयापर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे, बाबागाडीही चालते. जवळच कॅसललॉला लोहयुगातल्या गढीचे अवशेष आहेत आणि तिच्या खंदकात दगडी भुयार आहे. मुलांना आत वाकून जाता येतं. त्याच भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. लाल निशाण फडकत असेल तर त्या बाजूला पाऊलही टाकायचं नाही.

ग्लासगोकरांसाठी दोन जागा. पहिली व्हँगी : ए८०९ रस्त्यावर क्वीन्स व्ह्यू नावाचा वाहनतळ आहे, तिथून निघणारी वाट डोंगराच्या कुशीतल्या एका अरुंद फटीत शिरते. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि मधून बोळ. वाट चिखलाची आहे, बूट भिजणार हे धरून चाला. दुसरी जागा कॉनिक हिल. मराठी मंडळींमध्ये ही फार आवडती आहे, आणि ती तशी व्हावी असाच डोंगर आहे. लॉख लोमंड या तळ्याच्या काठी बालमाहा गावातून वाट सुरू होते. वाहनतळाशी माहिती केंद्र आणि शौचालय आहे. आधी झाडीतून चढ, मग फाटक, मग दगडी पायऱ्या, मग उघडी धार. ३६१ मीटरवरचा माथा गाठला की खाली तळ्यातली बेटं एका रेषेत मांडल्यासारखी दिसतात. ती रेष म्हणजे हायलंड बाउंडरी फॉल्ट, स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग आणि सखल भाग यांना वेगळं करणारा भूस्तरातला तडा. आपण त्या तड्यावरच उभे असतो. भूगोलाच्या पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही ते मुलांना इथे एका नजरेत कळतं. शेवटचा तुकडा घसाऱ्याचा आहे, आणि बरेच लोक आधीच्या टेकाडावर थांबूनच परततात. तिथून दिसणारा देखावा तितकाच चांगला आहे, त्यामुळे मुलं दमली असतील तर तिथेच डबा उघडा.

ॲबर्डीनच्या मंडळींनी ‘बेनाही’ नावाचा डोंगर करावा. तिथलं मिदर टॅप शिखर ५१८ मीटर आहे, आणि त्याला हजार वर्षांहून जुन्या दगडी तटाचा वेढा आहे. गड-किल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलांना तटातल्या वाटेतून आत शिरताना काय वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचा. स्टर्लिंगजवळ डम्याट, ४१८ मीटर, शेरिफम्युअरच्या रस्त्याने गेल्यास चढ बराच वाचतो. मेलरोजजवळच्या एल्डन टेकड्याही सुंदर, ट्वीडबँकपर्यंत ट्रेन जाते. एव्हिमोरला गेलात आणि कोणाला चढायचंच नसेल तर लॉख अन आयलन या तळ्याभोवतीची साधारण पाच किलोमीटरची सपाट फेरी मारा. तळ्यातल्या बेटावर पडका किल्ला आहे.

कुठलीही वाट निवडली तरी तिचं वर्णन आधी वाचा. वॉकहायलंड्स या संकेतस्थळावर प्रत्येक वाटेचं अंतर, चढ, अवघडपणा आणि दलदल किती हे अंक देऊन सांगितलेलं असतं. नवख्यांनी दलदलीच्या आकड्याकडे सर्वांत आधी बघावं. इथे पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा, भुसभुशीत चिखल असतो, वरून हिरवागार दिसतो आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. मोठ्यांना तो नुसता त्रास, पण चार वर्षांच्या मुलासाठी तो गुडघ्यापर्यंत.

वेळेचा हिशोब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सूत्र दिलं, ते आजही वापरतात. आजच्या मापात ते असं : दर पाच किलोमीटरला एक तास, त्यात दर दहा मीटर चढासाठी एक मिनिट मिळवा. कॉनिक हिलचं अंतर जाऊन-येऊन साधारण चार किलोमीटर, चढ साडेतीनशे मीटर. म्हणजे ४८ मिनिटं आणि ३५ मिनिटं, जवळजवळ दीड तास. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ. मुलं असतील तर सरळ दुप्पट करा, वर डब्याचा अर्धा तास. साडेतीन तास हातात असल्याशिवाय बालमाहाहून निघू नका.

हा हिशोब थंडीत फार महत्त्वाचा. जूनमध्ये एडिनबराला रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि माणूस सैलावतो. डिसेंबरमध्ये तोच सूर्य पावणेचारच्या आतच मावळतो. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दुपारी दोनच्या सुमारास गाडीपाशी परत, असा नियम ठेवा आणि त्या महिन्यांत फक्त खालच्या टेकड्या करा. सहाशे-सातशे मीटरच्या वर तेव्हा बर्फ आणि गोठलेला निसरडा थर असतो. त्यासाठी बर्फकुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे टोकदार काटे) आणि ते वापरायचं शिक्षण लागतं. ते मुलांचं काम नाही.

नव्याने सुरुवात करायला मे आणि जून हे सर्वांत चांगले. दिवस मोठा असतो आणि मेमध्ये तर डासांहून बारीक असे मिज फारसे उठलेले नसतात. ऑगस्टमध्ये हेदर फुलून अख्खे डोंगर जांभळे होतात, तेही एकदा मुलांना दाखवावंच.

हवेचा अंदाज वाचायची पद्धत

फोनवर शहराचं हवामान बघून निघू नका. डोंगरासाठी वेगळा अंदाज निघतो : एक मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, आणि दुसरा माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा, ज्याला सगळे एमविस म्हणतात. आदल्या संध्याकाळी दोन्ही वाचा. पाऊस कुठे लिहिलाय हे आपण सवयीने आधी शोधतो. त्याआधी वारा बघा. उंचावर ताशी वीस मैलांपर्यंत वारा मुलांना चालतो. तीसच्या पुढे गेला तर लहान मुलं तोल सांभाळत चालतात आणि लवकर रडकुंडीला येतात, त्या दिवशी जंगलातली किंवा तळ्याकाठची वाट धरा. चाळीसला मोठी माणसंही अडखळतात. त्यानंतर ढगांची पातळी बघा. ढग पाचशे मीटरवर असतील तर चारशेच्या टेकडीवरून देखावा दिसेल, तीनशेवर असतील तर वर नुसतं धुकं. पावसाचा क्रमांक तिसरा. भुरभुर पाऊस अंगावर घेऊन चालता येतं, तेवढ्यासाठी बेत मोडायची गरज नाही.

अंगावर काय, सॅकमध्ये काय

सुती कपडे घरी ठेवा. जीन्स तर नकोच. सुती कापड एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. लहानग्यांना अंगभर एकसंध पावसाळी सूट मिळतो, तो घ्या. मुलांचे कपडे वर्षात आखूड होतात, त्यामुळे नवं महागडं घेण्याआधी चॅरिटी शॉप पाहा. इथे चांगल्या स्थितीतले बूट आणि जॅकेट तिथे हमखास सापडतात. आजीला साडीवर चालायची सवय असली तरी इथे आत थर्मल आणि वर पावसाळी पँट घालायला लावा. वाऱ्यावर साडीचा घोळ पायात येतो.

बुटांच्या बाबतीत काटकसर तळव्यावर नको. घोटा झाकणारे, खोल खाचांचे, पाणी न शिरणारे बूट हवेत. उतरायला सुरुवात करायच्या आधी प्रत्येकाचे बूट पुन्हा बांधा : टाच मागे नीट बसवून घोट्यापाशी नाडी घट्ट आवळा. नाहीतर उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याची नखं बुटाला आदळून काळी पडतात.

पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बाळ असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तुम्ही चढताय म्हणून तुम्हाला घाम आलाय, बाळ मात्र हलत नाहीये. तुम्हाला उकडतंय तेव्हाही त्याला थंडी वाजत असू शकते. दर वीस मिनिटांनी थांबून मानेखाली हात घालून अंग गरम आहे का बघा. हात-पाय गार असणं समजू शकतं, छाती किंवा मान गार लागली तर तिथूनच मागे फिरा. झाडीतून जाताना फांद्या तुमच्या डोक्यावरून जातात, बाळाच्या तोंडावर बसतात, तेव्हा वाका.

सॅकमध्ये जादा हातमोजे आणि पायमोजे प्रत्येकी एक जोड, टोपी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा कपड्यांचा जोड, हेडटॉर्च, शिट्टी, प्रथमोपचार, टिक (कातडीला चिकटणारा गोचिडीसारखा जीव) काढायचा छोटा आकडा, भरलेली पॉवर बँक आणि कागदी नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा एक्सप्लोरर नकाशा नवख्यांना सोपा पडतो, त्यात कुंपणं आणि भिंतीसुद्धा दाखवलेल्या असतात. फोनवर नकाशा उतरवून घ्या, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

डबा हा मुलांच्या चालीचा अर्धा भाग आहे. वर टपरी नाही, लिंबू सरबत नाही, झुणका-भाकर तर नाहीच. दशमी किंवा धपाट्याचे तूप-चटणी लावून घट्ट रोल करा आणि प्रत्येक रोल अर्ध्यापर्यंत फॉइलमध्ये गुंडाळा, म्हणजे हातमोजा न काढता धरून खाता येतो. डब्यातली भाजी-पोळी वाऱ्यावर उघडली तर दोन मिनिटांत गार आणि बोटं बधिर. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, शंकरपाळे खिशात ठेवा, सॅकमध्ये नको. चढताना दर अर्ध्या तासाने एकेक घास द्या, भूक लागली असं मूल म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. थर्मासमध्ये मोठ्यांना चहा, मुलांना गरम दूध. खाऊन झालं की संत्र्याची साल, केळ्याचं साल, शेंगांची टरफलं, सगळं परत. इथल्या थंडीत साल महिनोन्महिने कुजत नाही.

पोचायचं कसं

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या ५ ते २१ वर्षांच्या मुलांना ३१ जानेवारी २०२२ पासून बसप्रवास मोफत आहे. त्यासाठी कार्ड काढावं लागतं, सोळाच्या आतल्या मुलांसाठी अर्ज पालक करतात. नव्याने आलेल्या अनेक कुटुंबांना हे माहीत नसतं. बसने डोंगर करण्याचा आणखी एक फायदा म्हणजे वाहनतळाची चिंता नाही. बालमाहासारख्या जागा उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळीच भरून जातात. गाडीच न्यायची तर नऊच्या आत पोचा, आणि जागा नसेल तर रस्त्याच्या कडेला, फाटकासमोर गाडी लावू नका. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका तिथूनच जातात.

पुढे हायलंडमध्ये एकेरी रस्ते लागतात. त्यांवर ठरावीक अंतरावर ‘पासिंग प्लेस’ असतो. समोरून गाडी आली आणि ती जागा आपल्या डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबा आणि समोरच्याला आत येऊ द्या. मागच्या गाडीलाही तिथेच वाट द्या. या जागा गाडी लावून डबा खाण्यासाठी नाहीत.

निघण्याआधी कुठे जातोय, कुठल्या वाटेने आणि किती वाजता परत, हे घरी कोणाला तरी लिहून पाठवा. पायथ्याच्या शौचालयात सगळ्यांनी जाऊन या. वर गरज पडलीच तर पाण्यापासून निदान तीस मीटर लांब जा, उथळ खड्डा करून बुजवा, ओले वाइप मात्र पिशवीत घालून परत आणा.

वाटेवर

सर्वांत हळू चालणारं माणूस पुढे, मोठ्यांपैकी एक जण सर्वांत मागे. मुलांना फाटकापर्यंत पुढे पळू द्या आणि तिथे थांबायला सांगा, ओसाड धारेवर मात्र नजरेच्या टप्प्यात ठेवा. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं : बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. साधारण मार्च ते मे मेंढ्यांच्या विण्याचा काळ, तेव्हा कोकरांच्या मागे धावू देऊ नका. गाय वासरासह असेल तर त्या कुरणात शिरूच नका, बाजूने वळसा घाला. हायलंड गायींचे केस कितीही गोड दिसले तरी शिंगं खरी आहेत.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात उत्तरेकडच्या डोंगरांवर हरणांची शिकार चालते. पायथ्याशी सूचना लावलेली असेल तर ती वाचून सांगितलेल्या वाटेनेच जा.

मुलांना माथ्याचं आकर्षण मोठ्यांइतकं नसतं. त्यांना ओढ्यात दगड टाकायचे असतात, काँक्रीटचा ट्रिग पिलर शोधायचा असतो. हे आखूड खांब ऑर्डनन्स सर्व्हेने १९३६ पासून मोजणीसाठी माथ्यामाथ्यांवर उभारले, आर्थर्स सीटवरही एक आहे. असे खांब वहीत टिपत जाणं हा मुलांचा फार चांगला खेळ होतो. बालमाहात टॉम वेअर या गिर्यारोहक-लेखकाचा पुतळा आहे, लोकरी टोपीतला. उतरल्यावर त्याच्याशेजारी फोटो काढायचा, हे आमिषही पुरतं.

परत फिरायची वेळ

धुकं आलं तर थांबा. मेंढ्यांच्या ढोरवाटा इथे खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात आणि बघता बघता भलत्याच सोंडेवर नेतात. शेवटच्या खुणेपर्यंत मागे या आणि तिथून नकाशा बघा.

मूल कुरकुरतंय तोवर ठीक. बडबडं मूल गप्प झालं, अडखळायला लागलं, विचारलेल्याला धड उत्तर देईना, थरथरतंय, तर ते गारठलंय. लगेच वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे बदला, गोड खायला द्या, गरम प्यायला द्या आणि सर्वांत जवळच्या वाटेने खाली उतरा. माथा शंभर मीटरवर असला तरी. मुलांसमोर हा निर्णय हसतमुखाने घ्या. ‘आज वारा फार आहे, आपण इथवर आलो, आता खाली जाऊन गरम सूप’ असं म्हटलं की त्यांना हरल्यासारखं वाटत नाही आणि पुढच्या वेळी ती यायला तयार असतात. एकदा गारठून, ओरडा खाऊन माथ्यावर नेलेलं मूल वर्षभर डोंगराचं नाव काढू देत नाही.

खरीच अडचण आली, कोणी पडलं किंवा वाट सापडेना, तर ९९९ फिरवा, पोलिस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू हवंय असं सांगा. ही स्वयंसेवकांची पथकं आहेत, त्यांच्या सेवेचे पैसे पडत नाहीत. बिल येईल या भीतीने फोन करायला उशीर लावू नका. नकाशावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे आपली नेमकी जागा सांगणारी अक्षरं-आकडे, सांगता आला तर सर्वांत उत्तम, फोनमध्ये तो दाखवणारं ॲप आधीच घालून ठेवा. रेंज कमी असली तर आवाज जात नाही पण संदेश जातो. ९९९ ला संदेश पाठवायची सोय आहे, त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते : ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ ला पाठवा आणि येणाऱ्या सूचना पाळा. हे आज घरी बसून करा. रेंज अजिबातच नसेल तर मिनिटभरात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा.

मिज आणि टिक

मिज जूनपासून सप्टेंबरपर्यंत, पहाटे आणि तिन्हीसांजेला, वारा पडला की थव्याने येतात. ताशी सात-आठ मैलांचा वारा असला तरी ते उडू शकत नाहीत, त्यामुळे डबा खायला झुळूक असलेली उघडी जागा निवडा. ओढ्याकाठची सावली टाळा. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी एक-दोन पौंडांत मिळते.

टिक अधिक गंभीर. उंच गवतात आणि ब्रॅकनच्या नेच्यात हा गोचिडीसारखा बारीक जीव असतो, खसखशीच्या दाण्याएवढासुद्धा. त्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. पँट पायमोज्यात खोचा आणि घरी आल्यावर आंघोळीआधी मुलांचं अंग नीट तपासा : गुडघ्यांच्या मागे, काखेत, जांघेत, कानांमागे, केसांच्या कडेला. टिक दिसली तर आकडा कातडीला चिकटवून तिच्याखाली सरकवा, हलकेच फिरवत वर ओढा. तेल, तूप, काडेपेटी यातलं काहीही लावू नका. जागा धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारा चट्टा उठला किंवा ताप, अंगदुखी आली तर जीपीकडे (आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) जा आणि टिक चावली होती हे आपणहून सांगा. पुस्तकात दाखवतात तसं लालबुंद वर्तुळ आपल्या सावळ्या कातडीवर चटकन उठून दिसत नाही, म्हणून चांगल्या उजेडात बघा.

त्यापुढचे डोंगर

चार-पाच टेकड्या मुलांनी मजेत केल्या की पुढचा टप्पा म्हणजे पिटलोख्रीजवळचा बेन व्रॅकी, ८४१ मीटर. वाटेत तळं आहे, तिथवर चढ सौम्य आणि त्यानंतर दगडी पायऱ्यांचा खडा. तळ्यापाशी थांबून मुलांना विचारायचं, वर जायचं की इथेच बसायचं. तो जमला की बेन लोमंड, ९७४ मीटर, अनेकांची पहिली मन्रो. तीन हजार फुटांवरचे डोंगर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये यादीत मांडले, त्या यादीत आज २८२ आहेत. रोवार्डेननहून बेन लोमंडची वाट ठळक आहे, पण जाऊन-येऊन बारा किलोमीटर. नऊ-दहा वर्षांच्या, चालायची सवय असलेल्या मुलाला उन्हाळ्यातल्या शांत दिवशी तो झेपतो, सकाळी नऊला निघालात तर. बेन नेव्हिसला त्यानंतरच हात घाला : चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, मोठ्यांनाही सात-आठ तास लागतात आणि माथ्यावरचा बर्फ बऱ्याच वर्षी मे उलटला तरी असतो. मुलं बारा-तेराची होईपर्यंत तो डोंगर कुठेही जात नाही.